‘ट्रुथ’ सिनेमा आणि आपल्या हातातला झेरॉक्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे बातमीदारी करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्या पोरापोरींसोबत आम्ही काही मित्र हा सिनेमा अधूनमधून बघतो. दिवे लागले की प्रश्न सुरू होतात, आणि ते बहुतेक तेच असतात. म्हणून एकदा लिहूनच टाकले. शेवट ऐकायचा नसेल तर आधी सिनेमा बघा, मग इकडे या. अर्थात ही घडलेली गोष्ट आहे, त्यामुळे लपवण्यासारखं फार काही नाही.

सिनेमा नेमका कशावर आहे?

२००४ साल, अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर. जॉर्ज बुश दुसऱ्यांदा उभे होते. ८ सप्टेंबरला सीबीएस वाहिनीच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमाच्या बुधवारच्या आवृत्तीत एक बातमी गेली. व्हिएतनाम युद्धाच्या काळात बुश यांना वशिल्याने टेक्सासच्या एअर नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राज्याच्या राखीव हवाई दलात, जागा मिळाली, म्हणजे प्रत्यक्ष युद्धावर जायचं टळलं, आणि तिथलीही नोकरी त्यांनी नीट केली नाही, असा तिचा रोख होता. पुरावा म्हणून त्यांचे तेव्हाचे वरिष्ठ जेरी किलियन यांच्या नावाची १९७२-७३ सालची टिपणं दाखवली. किलियन १९८४ मध्येच वारले होते.

बातमी संपते न संपते तोच इंटरनेटवर ओरड सुरू झाली, की हे कागद टाइपरायटरवरचे नाहीत, संगणकावरचे आहेत. बारा दिवसांनी, २० सप्टेंबरला, वाहिनीने चूक मान्य केली. पुढे बातमीची निर्माती मेरी मेप्स हिची नोकरी गेली आणि निवेदक डॅन रादर यांची खुर्ची. सिनेमा या पडझडीचा आहे. २०१५ मध्ये तो आला, दिग्दर्शक जेम्स व्हँडरबिल्ट. मेप्सचं काम केट ब्लँचेटने केलंय आणि रादरचं रॉबर्ट रेडफोर्डने.

निर्माती म्हणजे? पैसे लावणारी?

नाही. तिकडच्या टीव्ही बातमीदारीत माणसं शोधायची, कागद मिळवायचे, मुलाखती ठरवायच्या, संहिता बांधायची, ही कामं निर्मात्याची. पडद्यावर दिसतो तो निवेदक. मेप्स साधीसुधी नव्हती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इराकच्या अबू गरेब तुरुंगातल्या कैद्यांच्या छळाची बातमी याच कार्यक्रमात आली, ती तिच्याच गटाने आणलेली. म्हणजे पाचच महिन्यांपूर्वी ती शिखरावर होती.

“भाऊ, हाई आपले काय कामनं शे?”

हा प्रश्न शिरपूरकडच्या एका पोराने विचारला होता, आणि सगळ्यांत बरा प्रश्न तोच. अमेरिका बाजूला ठेवा. निवडणूक लागलेली आहे. उमेदवाराच्या तरुणपणीचं एक जुनं प्रकरण आहे. खात्यातून दुखावून बाहेर पडलेला एक माणूस झेरॉक्स आणून देतो आणि म्हणतो, “माझं नाव येता कामा नये.” संपादक विचारतो, उद्या लावायची का? दुसरा पेपर आधी लावेल ही धास्ती. बातमी लागते. दुसऱ्या दिवशी पारावर, चहाच्या टपरीवर, व्हॉट्सअॅपवर एकच चर्चा असते: झेरॉक्स खरा की खोटा? उमेदवाराने काय केलं होतं, हे कोणी विचारतच नाही.

चोपडा घ्या, शहादा घ्या, साक्री घ्या, यातलं एकही पात्र बदलावं लागत नाही.

कागद शेवटी खरे होते की खोटे?

सिद्ध असं झालंच नाही, ना खरे ना खोटे. वाहिनीने बाहेरची दोन माणसं नेमून चौकशी केली: माजी अॅटर्नी जनरल डिक थॉर्नबर्ग आणि असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे माजी प्रमुख लुई बोकार्डी. त्यांचा अहवाल १० जानेवारी २००५ ला आला. कागद बनावट आहेत असा ठाम निष्कर्ष त्यांनी काढला नाही, पण ते अस्सल असल्याची खातरजमा न करताच बातमी दाखवली, हे मात्र पानोपानी सांगितलं. बहुतेक तज्ज्ञांचं मत बनावट असण्याकडेच झुकतं, आणि माझंही.

किलियन यांच्या कचेरीत टंकलेखन करणाऱ्या बाई तेव्हा ८६ वर्षांच्या होत्या. त्या म्हणाल्या, हे कागद मी टाइप केलेले नाहीत, पण यात लिहिलंय ते साहेबांच्या मनातलंच आहे. बातमीदाराला यापेक्षा छळणारं वाक्य कोणतं असेल सांगा. सिनेमा या जागेवर थोडा रेंगाळला असता तर बरं झालं असतं.

मेप्सच्या गटाचं चुकलं तरी काय? तज्ज्ञांना दाखवले होते ना कागद?

दाखवले होते, आणि घोळ तिथेच सुरू होतो. हातात मूळ कागद नव्हता, छायाप्रत होती. छायाप्रतीवर शाई तपासता येत नाही, कागदाचं वय काढता येत नाही, टाइपरायटरच्या अक्षराने कागदात पाडलेला खड्डा दिसत नाही. उरते फक्त अक्षराची आकृती. हस्ताक्षराच्या एका जाणकाराने सही जुळते म्हटलं. आणखी दोघींनी शंका काढल्या, त्या शंका बातमीत आल्याच नाहीत. सही जुळली म्हणजे वरचा मजकूर खरा, असं होत नाही, कारण छायाप्रतीत खरी सही दुसऱ्या कागदावरून आणून बसवता येते. तलाठी कार्यालयाबाहेर बसणारा कोणीही अर्जनवीस हे तुम्हाला सांगेल.

दुसरी चूक फोनची. एका निवृत्त जनरलला टिपणांतला मजकूर फोनवर वाचून दाखवला आणि त्याच्या बोलण्याला दुजोरा समजले. नंतर कागद पाहिल्यावर तो म्हणाला, मला वाटलं होतं हे हाताने लिहिलेलं आहे, हे तर बनावट दिसतंय. फोनवर मिळालेला दुजोरा कागदाचा नसतो, फार तर गोष्टीचा असतो.

तिसरी चूक घाई. कागद हातात पडल्यापासून आठवड्याच्या आत बातमी पडद्यावर. बत्तीस वर्षं जुनं प्रकरण आणखी पंधरा दिवस थांबलं असतं. पण कार्यक्रमाचा बुधवार थांबत नाही, जसं रात्रीचं पान थांबत नाही.

आणि चौथी गोष्ट, जिच्यावर चौकशी समितीने फार कडक लिहिलं. कागद देणाऱ्या माणसाला विरोधी उमेदवार केरी यांच्या प्रचारातल्या लोकांशी बोलायचं होतं. मेप्सने त्यासाठी प्रचारातल्या एका बड्या माणसाला फोन केला. हेतू काहीही असो, सूत्राचं राजकीय काम बातमीदाराने केलं की बातमी गेली. मग कागद ब्रह्मदेवाने सही केलेला असला तरी उपयोग नाही.

नुसत्या फॉन्टवरून एवढं कळतं?

संशय येण्यापुरतं नक्की कळतं. त्या टिपणांत अक्षरांची रुंदी कमीजास्त होती आणि एका ठिकाणी आकड्यानंतरचं ‘टीएच’ बारीक होऊन वर चढलं होतं. कोणीतरी तोच मजकूर वर्डमध्ये, काहीही न बदलता, टाइप करून वर ठेवला, तर ओळीवर ओळ बसली. वाहिनीचं म्हणणं होतं की त्या काळीही असे टाइपरायटर मिळत, आणि ते खोटं नव्हतं. पण गार्डच्या कचेरीत तसला टाइपरायटर होता, हे दाखवायची जबाबदारी बातमी देणाऱ्याची होती.

अशीच गोष्ट २०१७ मध्ये पाकिस्तानात घडली. नवाझ शरीफ यांच्या कुटुंबाच्या पनामा प्रकरणात २००६ ची तारीख असलेला कागद निघाला, आणि तो कॅलिब्री या फॉन्टमध्ये छापलेला. कॅलिब्री सर्वसामान्यांच्या संगणकावर आला २००७ मध्ये.

आपल्याकडचं सांगायचं तर मराठी टाइपरायटरवर काना, मात्रा, वेलांटी वेगळ्या कळीने मारायची, त्यामुळे ती अक्षरावर दर वेळी सारखी बसत नसे. मग संगणकावर श्रीलिपी, कृतिदेव या फॉन्टचे दिवस आले. ‘मंगल’ हा फॉन्ट विंडोज २००० सोबत आला. तेव्हा १९९४ चं ग्रामपंचायतीचं पत्र मंगलमध्ये असेल तर ते पत्र १९९४ चं नाही. वाद संपला.

पण फॉन्ट ओळखता येत नसेल तर?

हरकत नाही, फॉन्टपेक्षा भरवशाची गोष्ट दुसरीच आहे. तारीख आणि मजकूर एकमेकांसमोर बसवा. किलियन टिपणांतही हेच झालं होतं. १९७३ च्या एका टिपणात ज्या अधिकाऱ्याच्या दबावाचा उल्लेख होता, तो १९७२ मध्येच निवृत्त झाला होता. हे शोधायला ना तज्ज्ञ लागतो ना यंत्र, कोण कधी निवृत्त झालं एवढी यादी पुरते.

खान्देशात तर अशा खुणा जागोजागी आहेत. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. १९९६ च्या कागदावर ‘जिल्हा नंदुरबार’ असेल तर तो कागद मागाहून केलेला आहे. जळगावची महानगरपालिका २००३ ची, त्याआधी नगरपालिका. विद्यापीठ १९९० पासून ‘उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ होतं, बहिणाबाईंचं नाव त्याला २०१८ मध्ये मिळालं. २००७ च्या गुणपत्रकावर बहिणाबाई दिसल्या तर दुय्यम प्रत आहे का ते विचारा, आणि नसेल तर बातमी तिथेच आहे. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ चा. रुपयाचं नवं चिन्ह २०१० चं. १९६० च्या आधीच्या कागदावर ‘जळगाव जिल्हा’ असायचं कारण नाही, तेव्हा तो पूर्व खान्देश होता.

यापलीकडे सगळ्यात मोठा साक्षीदार म्हणजे जावक क्रमांक. सरकारी पत्राला जावक क्रमांक असतो, तो जावक नोंदवहीत तारखेसह असतो, आणि ज्या कचेरीला पत्र गेलं तिथल्या आवक नोंदवहीतही त्याची नोंद असते. बनावट पत्र करणारा शिक्का करतो, सही करतो, लेटरहेड करतो. दोन वेगवेगळ्या कचेऱ्यांच्या वीस वर्षं जुन्या नोंदवह्यांत घुसणं त्याला जमत नाही. माहिती अधिकारात नुसती प्रत मागू नका, नोंदवहीची पाहणी मागा, कायद्यात तशी सोय आहे. अर्जात विषय एकच ठेवा आणि दीडशे शब्दांच्या आत आटपा, महाराष्ट्राच्या नियमात ती अट आहे. उत्तराला तीस दिवस लागतात. हो, निवडणूक तोवर होऊन जाईल. मेप्सपुढेही हाच पेच होता.

धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, तिथे एकदा जाऊन या. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव, वाड्यावाड्यांतून जुने कागद गोळा केले. १९२६ मध्ये ते धुळ्यातच वारले आणि दुसऱ्याच वर्षी हे मंडळ उभं राहिलं. जुना कागद हातात घेतला की कागद, वळण, मायना, कालगणना, शिक्का, एकेक बघत जायचं, ही इतिहासवाल्यांची सवय बातमीदाराने उचलावी अशी आहे. पोरं गुगलवर शोधतात, आणि धुळ्यात असून या मंडळाची पायरी चढत नाहीत.

म्हणजे मूळ बातमी खोटी होती?

नाही. टेक्सास विधानसभेचे माजी सभापती बेन बार्न्स यांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं होतं की बुश यांच्यासाठी मी शब्द टाकला. बुश यांच्या सेवेच्या नोंदींतल्या रिकाम्या जागा इतर पत्रकारांनीही दाखवल्या होत्या. ते कागद नसते तरी बातमी उभी राहिली असती, थोडी कमी झणझणीत, पण पायावर. सिनेमा बघताना मला दर वेळी याचाच राग येतो. चार चांगले दुवे होते, त्यांना एक कच्चा दुवा जोडला, आणि सगळ्यांनी तोच धरून ओढला.

सिनेमा मेप्सची बाजू घेतो का?

घेतो, उघडपणे. तो तिच्याच आठवणींच्या पुस्तकावर बेतलेला आहे, त्यामुळे आश्चर्य नाही. तिचं लहानपण, मारहाण करणारा बाप, तिच्याविरुद्ध बोलणारा तोच बाप, हे सगळं आपल्याला तिच्या बाजूला ओढायला ठेवलंय. समितीपुढे तिला जे मोठं भाषण दिलंय ते ऐकताना टाळी वाजवावीशी वाटते. वाजवा, आणि मग विचार करा की समितीचा मूळ प्रश्न काय होता आणि त्याचं उत्तर त्या भाषणात होतं का.

सीबीएसला सिनेमा अजिबात आवडला नाही. त्यांनी त्याच्या जाहिराती आपल्या वाहिनीवर घ्यायला नकार दिला. त्यांचं म्हणणं, यात चुका करणाऱ्यांना हुतात्मा केलंय. थोडं खरं आहे. पण मालकाच्या कंपनीचे सरकारदरबारी हितसंबंध असले की बातमीदाराच्या पाठीशी कितीजण राहतात, हे सिनेमात दिसतं तेही खरंच. दोन्ही बाजू एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे आमच्या चर्चेत पोरांना सगळ्यात उशिरा पटतं.

कागद देणाऱ्याचं काय झालं?

तो बिल बर्केट, टेक्सासच्या गार्डमधला निवृत्त लेफ्टनंट कर्नल. कागद कुठून आले याबद्दल आधी त्याने एक नाव सांगितलं, मग ते खोटं होतं असं कबूल करून दुसरंच. मूळ प्रती जाळल्या म्हणाला. वाहिनीने त्याला कॅमेऱ्यासमोर बसवून आपली खोटी माहिती कबूल करायला लावली. सिनेमात या वेळी त्याची बायको बोलते. माणूस आजारी आहे, तुम्ही आलात, गोड बोललात, हवं ते घेतलंत आणि आता त्याला पुढे केलंत, असा तिचा सूर. सिनेमातला माझ्या लेखी सगळ्यात जोरकस प्रसंग हा, भाषणाचा नव्हे. सूत्र खोटं बोललं तरी त्याला वाऱ्यावर सोडायचं का? इथे पोरांचे दोन तट पडतात, पडू द्यावेत.

आणि सूत्र सांगतं त्याच्या पलीकडे एक पायरी चढायची असते. याला कागद कोणी दिला? त्याला कोणी दिला? साखळीची पहिली कडी सापडत नसेल तर कागद बातमीत घालू नये, बातमी शोधायला वापरावा. हा फरक फार मोलाचा आहे.

इंटरनेटवरचे ते लोक ट्रोल होते का?

तेव्हा त्यांना ब्लॉगर म्हणत. काहींचा हेतू उघड राजकीय होता, त्यांना वाहिनीला धडा शिकवायचा होता. पण त्यांचा मुद्दा बरोबर होता. शिव्या देणाऱ्याच्या दहा ओळींत एक ओळ कामाची असते, आणि ती वाचायला बातमीदाराचं कातडं जाड लागतं. वाहिनी सुरुवातीला जवळपास दोन आठवडे ‘आम्ही ठाम आहोत’ म्हणत राहिली. तिसऱ्या दिवशीच ‘आम्ही पुन्हा तपासतोय’ म्हटलं असतं तर कदाचित इतकी माणसं गेली नसती.

आपल्याकडे असं झालं तर बातमीदाराचं काय होतं?

मेप्सला निदान समिती मिळाली, वकील मिळाले, अहवाल मिळाला. आपल्या तालुका प्रतिनिधीला मानधन किती, हे विचारू नका. वाढदिवसाच्या पुरवणीसाठी ज्या नेत्याकडे जाहिरात मागायला जायचं, त्याच्याच विरोधात बातमी लावायची असते. अंगलट आली तर एका फोनवर ओळखपत्र परत.

कायद्याचं थोडक्यात. अब्रुनुकसानीचं भारतीय दंड संहितेतलं जुनं कलम ४९९-५०० आता भारतीय न्याय संहितेत ३५६ झालंय, दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते. बातमी खरी आहे एवढं पुरत नाही, ती लोकहिताची आहे हेही दाखवावं लागतं. मोबाइलवर आलेली पीडीएफ, ध्वनिफीत किंवा स्क्रीनशॉट कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, पूर्वी तेच ६५-ब होतं. म्हणून फॉरवर्ड जपून ठेवा, मूळ फोनही जपून ठेवा.

मारहाणीविरुद्ध महाराष्ट्रात २०१७ चा पत्रकार संरक्षण कायदा आहे. गुन्हा अजामीनपात्र, तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. कागदावर छान आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पाचोऱ्यात एका पत्रकाराला भर रस्त्यात मारलं, त्याची चित्रफीत राज्यभर फिरली, तेव्हा कायदा विधिमंडळात मंजूर होऊन सहा वर्षं झाली होती.

डॅन रादर यांचं पुढे काय झालं?

९ मार्च २००५ ला त्यांनी संध्याकाळच्या बातम्यांची खुर्ची सोडली, बरोबर चोवीस वर्षांनी. २००७ मध्ये त्यांनी सीबीएसवर सात कोटी डॉलरचा दावा लावला, तो २००९ मध्ये निकाली निघाला, त्यांच्या विरुद्ध. बुश तोवर दुसरी मुदतही संपवून घरी गेले होते.

मराठीत किंवा हिंदीत असं काही आहे का?

‘सिंहासन’, १९७९, जब्बार पटेल. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा. निळू फुल्यांचा दिगू टिपणीस सगळं बघतो, सगळं जाणतो, आणि शेवटी त्याचं जे होतं ते तुम्हीच बघा. हिंदीत ‘न्यू दिल्ली टाइम्स’, १९८६, शशी कपूर. दोन्हींत बातमीदाराला कागदापेक्षा माणसं फसवतात, त्यामुळे ‘ट्रुथ’च्या आधी एक आणि नंतर एक असे दाखवले तर गंमत येते. रेडफोर्डने १९७६ मध्ये वॉटरगेट उघडकीला आणणाऱ्या बॉब वुडवर्डचं काम केलं होतं. जिंकणारा बातमीदार आणि हरणारा, दोन्ही एकाच चेहऱ्याचे. दिग्दर्शकाने हे मुद्दाम केलं असणार.

शाळेच्या मुलांना दाखवावा का?

नको. भाषा शिवराळ आहे आणि बोलणं फार. अकरावी-बारावीनंतर ठीक.

इंग्रजी भराभर आहे, काही कळत नाही. काय करावं?

इंग्रजी उपशीर्षकं लावा आणि सुरू करण्याआधी पाच नावं फळ्यावर लिहा: बुश, किलियन, मेप्स, रादर, आणि कागद देणारा बर्केट. एवढं असलं की गाडी चालते.

मध्यंतर कुठे घ्यावं?

तिकडच्या सिनेमात ते नसतंच, आपणच घ्यायचं. बातमी प्रसारित होते, सगळे एकमेकांचं अभिनंदन करतात आणि खाली उतरून खायला-प्यायला जातात, तिथे थांबवा. चहा द्या, आणि प्रत्येकाच्या हातात एखाद्या जुन्या सरकारी पत्राची झेरॉक्स द्या, नावं खोडून. काही खऱ्या, काही तुम्हीच आदल्या रात्री बनवलेल्या. चहा संपेपर्यंत खरी कोणती, खोटी कोणती आणि का, हे प्रत्येकाने मागच्या बाजूला लिहायचं. मग उरलेला सिनेमा लावा. उत्तरं शेवटी सांगा, आधी सांगितलीत तर निम्मी पोरं भांडत बसतात आणि सिनेमा राहून जातो.